वर्षभर हात न लागलेलं

आमच्या मागच्या बोळीत एक निळा ड्रम आहे. दोनशे लिटरचा. तोंडाला काळं झाकण, अंगावर कुठल्याशा केमिकलचं खरवडून खरवडून अर्धं उरलेलं लेबल. गेल्या दिवाळीच्या आधी मी घर आवरायला काढलं, तेव्हा भंगारात द्यायच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. त्या दिवसांत मी रोज रात्री मोबाइलवर घर आवरण्याचे व्हिडिओ बघत असे. मोठ्या शहरांतल्या फ्लॅटमधल्या बायका, मागं पांढरी भिंत, एकसारख्या काचेच्या बरण्या, आणि सगळ्यांचा मिळून एकच मंत्र : वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही, ती घरात ठेवू नका. मला पटलं. आठ माणसांच्या घरात राहणाऱ्या कुठल्याही बाईला पटेल.

ड्रम आडवा करून ओढायला लागले तर दारात आत्याबाई, माझ्या सासूबाई.

"काय करायलीस गं?"

"भंगारात द्यायलेय. वर्ष झालं, कुणी हात लावला नाही त्याला."

"वर्ष?" त्या म्हणाल्या. "दुष्काळ काय दरवर्षी पत्ता विचारत येतो का?"

मी ड्रम परत उभा केला. भंगारवाला तराजू घेऊन बाहेर थांबला होता, त्याला जुनी वर्तमानपत्रं दिली आणि लावून दिलं.

हा ड्रम २०१६ च्या एप्रिलचा. लातूरमध्ये ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांना वेगळं सांगायला नको. धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलेलं, नळ कोरडे, पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच कलम १४४ लावलेलं. मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी रेल्वेनं येतंय हे बघायला माणसं स्टेशनवर गेली होती, आमचे दीरही गेले होते. ते स्टेशनवरून परस्पर गंजगोलाईत गेले. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या दिवसांत सोळाही रस्त्यांवर ड्रम, टाक्या आणि कॅन एवढंच विकायला होतं. त्यांनी एरवीच्या दुप्पट भावानं हा ड्रम घेतला आणि ऑटोच्या टपावर बांधून आणला. घरात आल्यावर लेबलावरचं नाव वाचून जाऊबाईंनी त्यात पिण्याचं पाणी भरायला साफ नकार दिला. त्यामुळं त्यात टँकरचं वापरायचं पाणी. ऑगस्टपर्यंत तो ड्रम आमच्या घरातला नववा माणूस होता. कुणी किती काढलं, कुणी झाकण उघडं ठेवलं, यावरून भांडणंसुद्धा त्याच्याच भोवती.

त्यानंतर पाऊस झाला, धरण भरलं, आणि ड्रम बोळीत गेला.

आत्याबाईंचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. वर्षभराचा नियम कुणी केला असेल? जिथं प्रत्येक वर्ष आदल्या वर्षासारखं असतं, अशा गावच्या माणसानं केला असेल. आमच्याकडं आत्याबाई वस्तूंचं वय दुष्काळात मोजतात. स्वयंपाकघरात वरच्या कप्प्यात एक पोचे पडलेला जर्मनचा डबा आहे, तो बहात्तरचा. त्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या, खडी फोडायला जायच्या आणि त्या डब्यात सुकडी घेऊन यायच्या. मिलोच्या, म्हणजे तेव्हा रेशनवर मिळायच्या त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीबद्दल त्या अजून बोलतात, आणि बोलताना तोंड वाकडं करतात. पाण्याच्या घागरी ठेवायची लोखंडी तिवई २०१२-१३ ची. ड्रम सोळाचा. मधल्या काळातल्या वस्तूंबद्दल त्यांना काही वाटत नाही. मिक्सरचं जुनं भांडं, पोरांची सायकल, प्लास्टिकच्या खुर्च्या, द्या म्हणतात बिनधास्त. घरात साठवणारी माणसं दोन जातीची असतात. एकांना काहीच सोडवत नाही. दुसऱ्यांना नेमकं ठाऊक असतं की काय सोडायचं नाही. मी लग्नानंतर दहा-बारा वर्षं आत्याबाईंना पहिल्या जातीत धरून चालले होते.

घराचं सांगते. आत्याबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि तीन लेकरं. माझी थोरली बारावीला, नीटची तयारी करते. मधला आणि धाकटा जाऊबाईंचे. अकराशे चौरस फुटांचं स्लॅबचं घर, तीन खोल्या, एक हॉल, पुढं पोर्च. पोर्चमध्ये गावाकडून आणलेली सुंभाची बाज. घरात दोन माळे आहेत आणि दोन्हींवर फक्त गाद्या, उशा, रजया आणि मुलांचे लहान झालेले स्वेटर. पितळी हंडे, खलबत्ते, पाटे, ट्रंका, सगळं खाली, पलंगाखाली, जिन्याखाली, दाराआड. नवीन माणूस घरात आला की हेच विचारतो, अहो, माळे रिकामे आणि पाय ठेवायला जागा नाही, हे काय?

हे किल्लारीचं आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून दमलेली माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि औसा, लोहारा, उमरगा भागातली गावंच्या गावं बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. बाहेरच्यांना वाटतं भूकंपानं मारलं. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, घरांनी मारलं. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर माळवद. लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या किंवा किलचं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळा जवळ आला की गळू नये म्हणून त्यावर पांढरीची नवीन माती पसरायची. दरवर्षी नवीन पसरायची. जुनी मात्र कुणी खाली उतरवत नसे. आजोबानं टाकली, बापानं टाकली, लेकानं टाकली. माती उन्हाळ्यात घर थंड ठेवायची, त्यामुळं जाड छप्पर म्हणजे चांगलं घर असाच हिशोब. आत्याबाईंची थोरली बहीण त्या मातीखाली गेली.

आमचं गाव थोडं लांब, तिथं भिंती फुगल्या, माणसं राहिली. पण तेव्हापासून आत्याबाई झोपतात त्या खोलीत डोक्याच्या वर जड काही ठेवायचं नाही, आणि आत्याबाई घरभर झोपतात. दुपारी हॉलमध्ये, संध्याकाळी पोर्चमध्ये, रात्री पोरांच्या खोलीत. म्हणून घरभर तोच नियम. "उशी पडली तर पडली," एवढंच त्या म्हणतात. दाराजवळच्या खुंटीवर एक कापडी पिशवी असते, त्यात सातबारा, रेशन कार्ड, आधार, पासबुकं, घराची कागदं. घरातली सगळ्यात नीट लावलेली जागा तीच. पोरांच्या जातीच्या दाखल्यांसाठी अख्खी गल्ली कपाटं उपसत होती तेव्हा थोरलीच्या दाखल्याची कागदं काढायला आम्हाला दोन मिनिटं लागली.

त्या बहिणीच्या मुलाला पुनर्वसनात घर मिळालं. जमिनीच्या हिशोबानं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं होती, त्याला मधलं मिळालं. नवं गाव रेघा मारल्यासारखं, सरळ रस्ते, सिमेंटची घरं. जुन्या वाड्यात भिंतीतच बळद होतं. वरून धान्य ओतायचं, खालून भोकातून काढायचं, खोलीत जागाच जायची नाही. कोनाड्यात दिवा, फडताळात भांडी, खुंटीला दोर आणि कपडे, कोपऱ्यात उतरंड. एका मडक्यावर एक, खालच्यात ज्वारी, वरच्यात मीठ-मिरची. भिंतच कपाट होती. आता नव्या घराच्या पातळ सरळ भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी ड्रिल लागतं. त्यात कणगी कुठं ठेवायची, कडबा कुठं, औत कुठं? मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घराला तिन्ही बाजूंनी पत्र्याची शेडं निघालेली होती आणि मूळ घर मधे बसलेलं, लेकरांच्या गराड्यात बसलेल्या आजीसारखं. जमीन किती हे मोजून घर दिलं. सामान किती हे कुणी मोजलं नाही. आमच्या अकराशे फुटांचंही थोडंफार तेच आहे. आर्किटेक्टनं नकाशात सोफा काढला होता, फ्रिज काढला होता. वर्षाच्या ज्वारीचे चार कट्टे काढले नव्हते.

तर या घरात आवरायचं कसं?

खरं सांगायचं तर आम्ही कधी ठरवून आवरलंच नाही. आवरणं पाण्यानं लावलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनी. वेळ नक्की नसते. पहाटे चारला कुणीतरी बाहेर ओरडतं, "आलं हो, आलं!" आणि गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. त्या दिवशी घरातली भांडीकुंडी मोकळी व्हावीच लागतात. हौद, टाकी, दोन पिंपं, हंडे, कळशा, बादल्या. पाणी शिळं झालं म्हणून उरलेलं ओतायचं (आठ दिवस टिकलेल्या पाण्याला शिळं म्हणायचं धाडस फक्त नळ सुटलेल्या दिवशीच होतं), भांडी घासायची, हलवायची. आणि भांडं हललं की त्याच्यामागं जे काही आठ दिवस लपलेलं असतं ते बाहेर येतं. एक मोजा. चेंडू. कंपासपेटीचं झाकण. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका.

घासण्याचा नियम मात्र पाण्यानं नाही, डेंग्यूनं लावला. एका गणपतीत धाकट्याला ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या, चार दिवस दवाखान्यात होतो. त्यानंतर आशाताई घरी आल्या, टॉर्च घेऊन प्रत्येक पिंपात डोकावल्या. आमची स्वच्छ, झाकलेली, देखणी पिंपं! त्यात काही नव्हतं. अळ्या सापडल्या बोळीतल्या निळ्या ड्रमच्या झाकणावर, झाकणाच्या खोलगट भागात साचलेल्या पावसाच्या वाटीभर पाण्यात. आशाताईंनी सांगितलं ते आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. हा डास गटारीत नाही, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे बरोबर आमच्या नळाच्या पाळीइतके. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी महिनोन्महिने राहतात, पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. म्हणून आतून कडा घासायच्या. तेव्हापासून काथ्या घेऊन पिंपात अर्धं वाकायचं काम माझ्याकडं, आणि ड्रम कायमचा पालथा.

तेव्हाही मी म्हटलं होतं, देऊन टाकू. तेव्हाही आत्याबाई नाही म्हणाल्या होत्या.

पाण्याच्या त्याच दिवसातून बाजेचा नियम निघाला. पिंपामागं सापडलेलं, जिन्याखाली सापडलेलं, कुणाचं आहे ते कळत नाही असं सगळं पोर्चमधल्या बाजेवर टाकायचं. येता-जाता सगळ्यांना दिसतं. ज्याचं असेल त्यानं उचलून जागेवर ठेवायचं. पुढच्या वेळी नळ सुटेपर्यंत जे बाजेवर राहील, ते घरातून जाणार. त्यावर अपील नाही. आठ माणसांच्या घरात "ही वस्तू हवी का?" असं विचारत फिरणं म्हणजे आठ भांडणं. बाज विचारत नाही. पहिल्या महिन्यात दिरांची बॅडमिंटनची रॅकेट गेली, मधल्याची रिमोट नसलेली दोन खेळणी गेली, ह्यांचा 'अजून चालतो' असा रेडिओ गेला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रेडिओ बंदच होता, हे सांगायला तेवढे दोन दिवस मलाही बरे पडले.

नियमात एकच भोक होतं. रात्री सगळे झोपले की आत्याबाई बाजेवरची पाहणी करायच्या. सकाळी बाजेवरून काही ना काही गायब. आधी मला वाटलं सगळंच परत घरात जातंय. मग मी लक्ष ठेवलं. रॅकेटला त्यांनी हात लावला नाही, रेडिओला नाही. त्यांनी उचलली ती सुतळीची गुंडी, फाटकी पण जाड सतरंजी, पत्र्याचं नरसाळं आणि झाकण नसलेला दहा लिटरचा कॅन. मी काही बोलले नाही. नरसाळ्याचं तर पुढच्याच आठवड्यात काम पडलं.

पुस्तकांचा प्रश्न बाजेनं सुटला नाही. लातूर पॅटर्न हा शब्द बाहेर मोठ्या कौतुकानं घेतला जातो. घरात त्याचा अर्थ ढिगारा. मॉड्यूल, टेस्टपेपर, त्यांच्या उत्तरांच्या झेरॉक्स, त्यांवरच्या नोट्स. थोरलीच्या टेबलावर मागच्या वर्षी पेन ठेवायला जागा नव्हती, आणि एका कागदाला हात लावला तरी ती रडकुंडीला यायची. मी शिकवते, तरीही मला ते कागद एकसारखेच दिसतात, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. शेवटी मार्ग गल्लीनंच दाखवला. आमच्या आजूबाजूला नांदेड, परभणी, बीडकडची पोरं रूम करून राहतात. मे महिन्यात परीक्षा झाली की ती दोन दिवसांत रूम रिकामी करतात आणि गल्लीत कॉट, टेबल, बादल्या, कूलर, आरसे यांचा बाजारच भरतो. जूनमध्ये नवीन पोरं येतात, तोच आरसा, तीच बादली घेतात. दोन वर्षांपुरतं घर, दोन वर्षांपुरतं सामान, आणि जाताना पाठीवर एक बॅग. थोरली एक दिवस खिडकीतून हे बघत बसली होती. संध्याकाळी तिनं स्वतःहून अकरावीचे सगळे गठ्ठे बांधले आणि समोरच्या रूमवरच्या पोरीला दिले. ज्वारीच्या दोन कट्ट्यांएवढी जागा झाली. दुसऱ्या दिवशी तिथं ज्वारीचे दोन कट्टे आले.

आहेराच्या कपाटाबद्दल थोडक्यात. ते जाऊबाईंकडं आहे. साड्या, खण, टॉवेल-टोप्या, कुणी दिल्या, कधी दिल्या, याची वही आहे, आणि ती वही त्या मला दाखवत नाहीत. पदराच्या आत पेन्सिलीनं बारीक खूण करतात. एक मोरपंखी साडी आपण दिलेली चार वर्षांनी उमरग्याहून परत आली, खुणेसकट. त्यांनी ती पुन्हा वहीत चढवली.

लक्ष्म्यांच्या पत्र्याच्या दोन कोठ्या वर्षभर शेवया आणि कुरडयांना वापरतो. भादव्यात त्याच कोठ्यांवर मुखवटे बसतात. एका वर्षी आवाहनाच्या दिवशी कुरडया काढून ठेवायला घरात एक भांडं रिकामं सापडेना. मी घाबरून आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रिकाम्या कोठीवर कुणी लक्ष्मी बसवतं का? राहू दे की आत." तीन दिवस लक्ष्म्या कुरडयांवर बसल्या, साडी-चोळी, दागिने घालून. आलेल्या कुणाला कळलं नाही. वर्षभर वापरायची कोठी आणि तीन दिवसांची देवी एकाच जागेत. मोबाइलवरच्या कुठल्या बाईला हे सुचलं असतं असं मला वाटत नाही.

यंदाच्या येळवशीचं सांगून संपवते. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळा अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस. त्या दिवशी लातुरात संचारबंदी लागल्यासारखं असतं, कारण सगळं शहर शेतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. आमच्या शेतात दरवर्षी पन्नास-साठ माणसं असतात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, खीर आणि आंबील. पिण्याच्या पाण्याचे वीस जार दरवर्षी जारवाला टेम्पोनं शेतात पोचवतो. यंदा आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, उद्या नाही जमणार. मलाबी शेतात जायचंय की."

एवढ्या वर्षांत त्यालाही शेत असेल हे आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मी फोन ठेवला तेव्हा आत्याबाई बोळीत पोचल्या होत्या. ड्रम पालथाच होता. जाऊबाई म्हणाल्या, त्यात केमिकल होतं. आत्याबाई म्हणाल्या, दहा वर्षं झाली, केमिकल म्हातारं झालं असंल. शेवटी तोडगा निघाला. पिण्याचं पाणी घरातल्या हंड्या-कळश्यांत, आणि हातपाय, भांडी, बैलांसाठीचं ड्रममध्ये. पलंगाखालचे, जिन्याखालचे, दाराआडचे सगळे हंडे निघाले, चिंचेनं घासले गेले. पितळ एवढं चमकतं हे माझ्या पोरीला पहिल्यांदा कळलं. टेम्पोत मधोमध ड्रम, भोवतीनं हंडे, नरसाळं वर, फाटकी सतरंजी खाली. बिंदग्यातली आंबील आत्याबाईंनी कुणाच्या हाती दिली नाही, मांडीवर घेऊन बसल्या. घर अख्खं रिकामं झालं होतं. कुलूप लावताना मी मागं वळून बघितलं, माझ्या व्हिडिओतल्या घरासारखं दिसत होतं. तिथं बसून चहा प्यावासा वाटला, पण कप टेम्पोत होते.

दिवस मावळताना परतलो. पाणी संपलं होतं, म्हणून आमचं शेत वाट्यानं कसणाऱ्या माणसानं रिकाम्या ड्रममध्ये हरभऱ्याची ढाळं दाबून भरली, वर तुरीच्या शेंगा, वर बोरं. हंड्यांतही तेच. गेलो त्यापेक्षा जास्त सामान घेऊन आलो. सगळं पोर्चमध्ये उतरवलं, बाज दिसेनाशी झाली. पोरं तशीच झोपली. ढाळं रात्रभर ड्रममध्ये तापतील म्हणून पसरावी लागणार होती, आणि पसरायला जमीन कुठं उरली नव्हती.

"माळ्यावर पसरू," जाऊबाई म्हणाल्या.

आम्ही दोघींनी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी ढाळ्यांची एक जुडी हातात घेऊन वजन केलं, दोनदा वर-खाली.

"थोडी थोडी ठेवा," त्या म्हणाल्या.

मी स्टूल आणायला उठले, तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, "आलं हो, आलं!"